मेईची आई

"मावशी, आलं?"

"नाय आलं. येतंय."

दिवाळीपासून दर शनिवारी हेच. पंचवटीतल्या वाचनालयाच्या दारात दहा वर्षांची अपूर्वा चप्पल काढायच्या आधीच विचारायची आणि शिपाई कुसाबाई हातातला झाडू न थांबवता उत्तर द्यायची. दिवाळी अंकात मुलांच्या एका कादंबरीचं पहिलं प्रकरण छापून आलं होतं. चिनी लोककथांवर बेतलेली गोष्ट. मेई नावाची पोर, नदीच्या तळाशी ड्रॅगनराजाचा महाल आणि त्या महालात अडकलेली तिची आई. कुसाबाईनंच ते पोरांना वाचून दाखवलं होतं, ओळीवर बोट ठेवून, अडखळत. पुस्तकांना नंबर चिकटवता चिकटवता ती अक्षरं शिकली होती. आणि प्रकरण संपलं कुठं, तर मेईनं पाण्यात उडी टाकली तिथं! पुढचं सगळं पुस्तकात, आणि ते वाचनालयात यायचं होतं. आता काय करावं माणसानं?

पोरांना ड्रॅगन हवा होता. कुसाबाईला घोर होता आईचा. तिची स्वतःची आई सायखेड्याला तापानं गेली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. साठीला टेकली तरी तिला जाणून घ्यायचं होतं, त्या पोरीला आई सापडते की नाही.

पुस्तक आलं ते नेमकं जूनच्या अखेरीस, कुसाबाईच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी. शाल-श्रीफळ झालं, पेढे झाले आणि ग्रंथपाल शामसुंदर सरांनी पार्सल तिच्याच हातात दिलं.

"घरी न्या. कर्मचाऱ्याला नंबर लावावा लागत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही कर्मचारीच."

तिनं पुस्तक नाकाशी धरलं. जीव असा काही ओढला की विचारू नका! पण मागणीच्या वहीत पहिलं नाव अपूर्वाचं होतं, आणि ती दारात उभी होती, एका पायात चप्पल तशीच.

"सर, पोरांनो नंबर लावा म्हून मीच वरडले इतकी वर्सं. आता मीच मधी घुसू व्हय?"

तिनं कव्हर घातलं, नंबर चिकटवला, शिक्का मारला आणि पुस्तक अपूर्वाला दिलं. "पानं दुमडलीस तर बघ!" मग सरांकडे वळली. "मला मेंबर करा. वहीत नाव लिवा माझं."

"बारावा नंबर लागेल, कुसाबाई. गणपती होऊन जातील!"

"जाऊ द्या की. मला आता कुठं घाई हाय?"

पुढच्या शनिवारी ती आली. सवयीनं हात झाडूकडे गेला, तो तिनं मागं घेतला आणि पोरांच्या शेजारी बाकावर बसली. अपूर्वा धावतच आली.

"मावशी, वाचलं! शेवटी ना, मेईची आई..."

कुसाबाईनं दोन्ही कान गच्च झाकले. "खबरदार! माझा नंबर येऊ दे."

अपूर्वानं ओठ मिटले. पण पोट फुगलं होतं तिचं सांगितल्यावाचून. कुसाबाईनं एका कानावरचा हात किंचित सैल केला.

"एवढंच सांग. रडलीस का गं?"

"थोडीशी."

"बरं," कुसाबाई म्हणाली, आणि हात पुन्हा घट्ट दाबून धरला.