उशिरा उत्तर देणारा माणूस

वैशाखातल्या दुपारी सोलापूरचे रस्ते उन्हाखाली निपचित पडलेले असताना आमच्या घरात दोनच आवाज जागे असत: कूलरची ओलसर घरघर, आणि तिच्याखालून अधूनमधून डोकं वर काढणारी कळफलकाची टकटक. ती टकटक कधी एकसुरी नसे. ती धावे, अडखळे, मग एकदम थांबे. आणि त्या थांबण्यात माझे यजमान, सिद्धाराम, चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे असे बघत बसत, की समोर कुणी रुसलेलं माणूस आहे आणि ते बोलल्याशिवाय आपण उठायचं नाही. मी आतल्या खोलीत शाळेतल्या मुलींच्या निबंधाच्या वह्या तपासत असे. टकटक थांबली की माझ्याही हातातलं लाल पेन थांबायचं.

पोटासाठी ते शहरातल्या काही दवाखान्यांचे संगणक सांभाळत. जीव मात्र दुसरीकडे गुंतलेला. देशोदेशींच्या माणसांनी मिळून घडवलेली, कुणीही उघडून पाहावी, बदलावी आणि फुकट वापरावी अशी एक संगणकप्रणाली आहे. तिच्यात नवं काही शिरण्याआधी त्याची कसून परीक्षा घेणारं एक साधन यांच्या स्वाधीन होतं. ते त्यांनी निर्माण केलेलं नव्हतं. कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं त्यांनी उचललं, आणि मग ऋतूमागून ऋतू त्याची निगुतीनं डागडुजी करत राहिले. नवं बांधणाऱ्याचं नाव होतं, डागडुजी करणाऱ्याला कोण विचारतं, असं मी एकदा चिडून म्हणाले. त्यावर ते नुसते हसले. "छत गळंना म्हणल्यावर छताची आठवण कुणाला येतीय? न्हाई आली तरच बरं की."

परीक्षा सुरू झाली, की पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत खाली उतरे. तो काळ त्यांच्या कडक भाकरीचा. मैंदर्गीहून, त्यांच्या गावाहून आलेल्या, कापडात गुंडाळलेल्या भाकरीचा तुकडा कडकन मोडायचा, शेंगाचटणीत टेकवायचा, आणि हिरव्या ओळींवरची नजर न हलवता चावत राहायचं. मध्येच एखादी ओळ तांबडी झाली, की चावणं थांबे आणि चेहऱ्यावर एक विलक्षण प्रसन्नता पसरे. चूक सापडल्याचा असा निर्मळ आनंद मी तीस मुलींच्या वर्गात कधी अनुभवला नाही. मला चुका दिसल्या की कपाळाला आठी पडते; यांना त्या पाहुण्यांसारख्या वाटत.

एकदा अशीच एक ओळ फक्त आमच्या घरात तांबडी होत होती. युरोपात, अमेरिकेत सगळीकडे हिरवी. तिकडच्या मंडळींनी निदान केलं, की तुमचंच यंत्र बिघडलेलं दिसतंय. हे हट्टानं शोधत राहिले, आणि अखेर कळलं, की वेळेचा हिशोब लिहिणाऱ्यानं पृथ्वीवरची सगळी घड्याळं एकमेकांपासून पूर्ण तासांच्याच अंतरावर आहेत असं गृहीत धरलं होतं. आपलं घड्याळ लंडनच्या साडेपाच तास पुढं. "आपला अर्धा तास त्यांच्या गावीच न्हाई बघ," असं म्हणत ते खोलीभर फिरले, आणि दिवसभर जो भेटेल त्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा, ही गोष्ट सांगत सुटले. दूधवाल्यानं मान डोलावली आणि माप ओतलं.

त्या साधनात माझाही एक कोपरा होता. माणसाचं काही चुकलं तर यंत्रानं त्याला जे सांगायचं, ते मराठीत आणायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. आधीचं कुणाचं तरी भाषांतर वाचून मी कपाळावर हात मारला होता. "'अवैध निवेश' म्हणजे काय हो? वाचणाऱ्याला वाटेल पोलीस आले." "मग तूच लिही की. चुकलं ते सांग, पर माणसाला लाज वाटाया नको." मग दुपारच्या चहाला आम्ही एकेक वाक्य घासूनपुसून घेऊ लागलो. 'ही फाइल सापडली नाही, नाव पुन्हा एकदा पाहा.' एवढ्याशा वाक्यावर आमची भांडणं व्हायची, आणि त्या भांडणांइतकं मला आता दुसरं काहीच हवंसं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी 'छातीत भरून आलंय' म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मैंदर्गीच्या मळ्यात, वडिलांच्या शेजारी, आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून मातीआड केलं. तिकडचे विधी आटोपून दोन आठवड्यांनी मी परत आले तेव्हा टेबलावरचा संगणक चालूच होता. तो बंद करायला हात पुढं गेला, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक निरोप उमटला. नॉर्वेतली इंग्रिड नावाची बाई, यांच्यासोबत कित्येक वर्षं काम करणारी आणि यांना कधीही न भेटलेली, लिहीत होती: 'सिद्धाराम, या बदलाकडे एकदा बघशील का? घाई नाही, सवडीनं.'

सवडीनं! मी खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. घरात त्यांच्या फोटोला हार चढला होता, दवाखान्यांनी दुसरा माणूस नेमला होता, शेजारणींनी माझ्या कपाळाकडे बघणं टाळायला सुरुवात केली होती. पण तिथं, त्या दूरच्या लोकांत, ते अजून होते. उत्तर द्यायला जरा उशीर करत होते, इतकंच. मी संगणक बंद केला नाही. त्यानंतर रोज शाळेतून आले, की चपला काढायच्या आधी त्यांना आलेले निरोप वाचायचे, आणि कुणीतरी त्यांची वाट बघतंय या एका गोष्टीवर संध्याकाळ काढायची. वाट बघणारी मी एकटी नव्हते, याचं मला केवढं सुख होतं!

पावसाळा सरला, थंडी आली, निरोपांचा सूर बदलत गेला. प्रणालीची नवी आवृत्ती येऊ घातली होती आणि यांचं साधन तिच्यावर चालेना; त्याच्यावर विसंबलेल्या कितीतरी जणांची कामं अडून पडली. सांभाळणारा बोलत नसेल, तर साधन बेवारस ठरवून दुसऱ्याच्या हाती द्यायचं असा तिथला रिवाज आहे. इंग्रिड मात्र सगळ्यांना थोपवत होती. 'तो उत्तर देईल,' असं तिनं लिहिलेलं मी वाचलं, आणि तरीही गप्प राहिले.

थंडी ओसरल्यावर मोतीबिंदू दाखवायला अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, मैंदर्गीहून आल्या. पडद्याचा उजेड बघून त्यांनी विचारलं, "ह्ये अजून चालू का हाय?" मी सांगितलं, की त्यांच्या कामातली माणसं निरोप पाठवतात.

"म्हंजी त्येंला ठावंच न्हाई?"

अव्वा पदराचं टोक चुरगाळत राहिल्या. "अगं, अक्कलकोटापतुर समद्या भावकीला सांगावा धाडला की आमी. ही बी त्येची भावकीच. लोकं ताटकळत बसल्यात, आन् तू दार लावून घेतलंस व्हय? त्येला आवडंल का ह्ये?"

त्यांना आवडलं नसतं. हे मला थंडीपासूनच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या खुर्चीत बसले. बिघाड कळवण्याचं जे पान असतं ते उघडलं. तेवढंच मला येत होतं. ते पान तीन प्रश्न विचारतं. तुम्ही काय करत होतात? मी लिहिलं: वह्या तपासत होते. काय व्हायला हवं होतं? नेहमीसारखा त्यांनी चहा मागायला हवा होता. प्रत्यक्षात काय झालं? इथं मी फार वेळ थांबले. अव्वा मागं खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, पण मी कुठं थांबलेय ते त्यांना कळलं असावं. "लिही बाळा," त्या म्हणाल्या. मी लिहिलं, आणि खाली, साधन कुणीतरी सांभाळायला घ्यावं अशी विनंती केली.

इंग्रिडचं उत्तर अव्वांचा चहा निवायच्या आत आलं. पहिल्या ओळीत फक्त एक नाव होतं: सिद्धाराम.

लोक म्हणतात, माणूस एकदाच जातो. तसं नसतं, बातमी ज्या ज्या उंबऱ्यावर पोचते, तिथं तिथं तो नव्यानं जातो. माझ्या घरातून ते गेल्या उन्हाळ्यात गेले. जिथं अजून त्यांची वाट बघितली जात होती अशी जगात एकच जागा उरली होती, आणि तिथून मी त्यांना त्या दुपारी माझ्या हातानं जाऊ दिलं.