अंगठ्याखालचा एक तास

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मनगटावरच्या घड्याळाला लोक विचारतात, "किती वाजले?" मला विचारतात, "किती लागले?" वाजलेले सगळ्यांना सारखेच असतात, पण लागलेले ज्याचे त्याचे असतात. त्यामुळे मनगटी घड्याळाशी कोणी फारसे खोटे बोलत नाही. तो मान माझा.

एका कारखान्यात लांबलचक बाकावर माझा जन्म झाला. सडपातळ बोटांच्या एका बाईने माझ्यात केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरले आणि "चालतंय" म्हणून पुढे सरकवले. आयुष्यातले पहिले कौतुक ते. माझ्या अंगात फार कला नाहीत. डोक्यावरचे बटण दाबले की मी धावते, पुन्हा दाबले की थांबते, आणखी एकदा दाबले की थांबल्या जागेवरून पुढे निघते. कडेचे बारके बटण दाबले की झाले गेले विसरून शून्यावर. मोठा काटा सेकंदांचा. पोटातल्या छोट्या वर्तुळात मिनिटांचा काटा, तो तासाला एक फेरी मारतो. बस.

मला विकत घेतले खेळाच्या एका शिक्षकांनी. त्यांना सगळे सर म्हणत, घरात बायकोसुद्धा. एकतीस वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. घाम, धूळ, खडूची पूड, सगळे अंगावर घेतले. पण मला आठवते ती एकच शर्यत. सरांची लेक नववीत होती. चारशे मीटर, पुढच्या फेरीसाठी अडुसष्ट सेकंदांच्या आत यायचे. वळणावर तिचा पाय घसरला, ती पडली, उठली, आणि तरी पहिली आली. मी अडुसष्ट आणि वर चार दशांश दाखवत होते.

"सर, पडली ते वजा करा की," शेजारचे शिक्षक हळूच म्हणाले. "आपलीच पोर आहे."

"पोर पडली. घड्याळ पडलं नव्हतं," सर म्हणाले.

लेक दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेही "बूट फाटलेत" एवढेच.

मग सर निवृत्त झाले, त्यांचा गुडघा त्यांच्याही आधी निवृत्त झाला होता, आणि मी खणात गेले. शेजार कोणाचा, तर संपलेल्या सेलांचा, रबरांचा आणि कुठल्याशा सदऱ्याच्या एकट्या बटणाचा. आठ वर्षे मला कोणी चावी दिली नाही. मी तक्रार करत नाही, नोंद करते.

खणातून मला बाहेर काढले जावयाने. तोवर सर लेकीकडे राहत होते. भाड्याचे घर सोडून स्वतःचे घ्यायचे ठरले होते, आणि शहरात हात पोचेना म्हणून उपनगर. लेक एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत होती. तिथला नियम असा की बोलावणे आले की तासाभरात हजर व्हायचे. घर तासापलीकडे गेले तर रक्तपेढी सुटणार आणि नोंदणीच्या खिडकीत बसावे लागणार. तसा एक फॉर्मच फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला होता : "नव्या घरापासून लागणारा वेळ", आणि पुढे रिकामी जागा.

पाहण्यात शेवटी दोन उपनगरे उरली. त्यांची खरी नावे घरात कोणी घेत नसे. एक 'भिंतवाले' : जवळचे, पण खोल्या काडेपेटीएवढ्या, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची भिंत व तिच्यावरून उतरणारा एक पाइप. दुसरे 'मैदानवाले' : लांबचे, ऐसपैस. एजंट म्हणाला, "स्टेशन हाकेच्या अंतरावर." हाक मारणाऱ्याचा घसा केवढा, ते त्याने सांगितले नाही. जावई नकाशे काढायच्या कचेरीत होता. मैदानवाल्या घराची रुंद बाल्कनी पाहून त्याने मनातल्या मनात टेबलाची जागासुद्धा आखून टाकली. आणि सर? समोर खरेखुरे मैदान होते, चुन्याच्या पट्ट्या मारलेले. कुंपणाशी उभे राहून सर एका धावणाऱ्या मुलीला ओरडले, "कोपर आत!" तिने कोपर आत घेतले. परतताना सर वाटभर एक शब्द बोलले नाहीत. माणूस गप्प बसला की त्याला काय हवे आहे ते जास्त ऐकू येते.

जावयाने मला चावी दिली आणि शनिवारी तो मैदानवाल्या घराच्या फाटकापासून रक्तपेढीच्या दारापर्यंत मोजायला निघाला. स्टेशनच्या वाटेवरचे रेल्वे फाटक बंद होते. टक्, त्याने मला थांबवले. "हे काय रोजचं आहे?" असे स्वतःशीच म्हणाला. गाडी सिग्नलला उभी राहिली. टक्. रुग्णालयाची लिफ्ट येईना. टक्. "लिफ्टचा दोष घराला कशाला?" मी त्रेपन्न मिनिटे दाखवली. मग त्याने भिंतवालेही मोजले. त्या वाटेवर त्याने बुटाची नाडी बांधली, गाड्यावरच्या चपला पाहिल्या, आणि मी आपली चालूच. एकोणपन्नास. तो लबाड नव्हता हो! फक्त त्याचा अंगठा बाल्कनीच्या बाजूचा होता.

संध्याकाळी त्याने टेबलावर रंगीत तक्ता पसरला. "बघ, फरक चार मिनिटांचा. चार मिनिटांसाठी बाल्कनी सोडायची?"

लेकीने फॉर्म काढला, पेन उघडले आणि थांबली. "फाटक लागलं नाही का रे?"

"लागलं. ते धरलं नाही."

"म्हणजे?"

"अगं, अपवाद होता तो."

"आणखी किती अपवाद होते?"

जावई तक्त्यात काहीतरी शोधू लागला. लेकीने मला उचलले आणि सरांच्या पुढ्यात ठेवले. "बाबा, तुम्ही मोजा."

"माझा गुडघा येतोय का तुझ्या चालीला?"

"चालते मी. तुम्ही नुसता अंगठा द्या."

सरांनी माझी काच सदऱ्याला पुसली. मैदान त्यांनाही हवे होते, आणि ते लेकीला ठाऊक होते. ठाऊक असूनच तिने मला त्यांच्या हाती दिले होते.

कामाच्या दिवशी तिघे पुन्हा मैदानवाल्याकडे गेले. इमारतीच्या फाटकातून लेक निघाली आणि सरांनी बटण दाबले. पोचली की ती फोन करणार होती. सर नि जावई मैदानाच्या कुंपणाजवळच्या बाकावर बसले. समोर मुली धावत होत्या. ती कोपरवालीही होती. मी सरांच्या तळहातावर टिकटिकत होते. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यांचा अंगठा माझ्या डोक्यावर आला. त्या अंगठ्याला मी ओळखते. चारशे मीटरच्या दिवशीही तो असाच वेळेआधी येऊन टेकला होता. छोटा काटा साठावर आला, साठ ओलांडून गेला. अंगठा दाबला गेला नाही.

फोन वाजला तेव्हाच दाबला गेला. एक तास सहा मिनिटे.

"फाटक लागलं होतं," लेक फोनवर धापा टाकत म्हणाली. "नऊ मिनिटं गेली."

जावयाने लगेच हिशेब मांडला. "सर, नऊ वजा केली तर सत्तावन्न. तासाच्या आत!"

"जावईबापू," सर मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "रक्ताची वाट बघत पलंगावर जो पडलाय, त्याला सांगून या. म्हणावं, नऊ वजा कर."

जावई वर बघत म्हणाला, "बाल्कनी चांगली होती मात्र."

त्या 'होती'मध्ये सगळा निकाल आला. उठताना सरांनी त्या मुलीला पुन्हा एकदा "कोपर!" म्हणून हाक दिली. ती लांब होती, तिला ऐकू गेली नसावी.

भिंतवाले सरांनीच मोजले, तसेच, एका दमात. चव्वेचाळीस. तोच आकडा फॉर्मवर गेला.

आता मी भिंतवाल्या घरात खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकते. जावयाचे टेबल स्वयंपाकघराच्या दारात अडकते, म्हणून सगळे जण आडवे होऊन आत जातात. एकदा लेक म्हणाली, "बाबा, तिकडे तुम्हाला मैदान मिळालं असतं."

"चारशेचं होतं की नाही कोण जाणे," सर म्हणाले. "मोजलं कुठे होतं मी?"

मित्रांनो, माझी स्प्रिंग आता थकली आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी खणात पडले असेल तर अधूनमधून चावी द्या, पण घट्ट पिळू नका. आणि मला हाती घेतलेत, तर अवघड जागा आली म्हणून मध्येच थांबवू नका. त्याच जागा मोजायला तर मी आहे.

परवा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी रक्तपेढीतून बोलावणे आले. लेक ताटावरून उठली, हात धुतला न धुतला आणि जिना उतरली. सरांनी मला खिळ्यावरून काढले, बटण दाबले आणि पाइपाकडे तोंड करून बसले.

"सर, पाइप अजून जागेवरच आहे," जावई आतून म्हणाला.

सर हसले, पण अंगठा हलला नाही. फोनची एक रिंग वाजली आणि बंद झाली. पोचली, एवढाच तिचा अर्थ. सरांनी मला डोळ्यांजवळ धरले, त्रेचाळीस वाचले, कोणाला दाखवले नाही, आणि कडेचे बटण दाबून शून्यावर आणून ठेवले.