पाठीचे कान

हंबीररावांच्या पाठीलाही कान आहेत, हे राजारामपुरीत कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा गिटारचा क्लास चाले. पोरं सतरंजीवर ओळीनं बसून वाजवत आणि सर त्यांच्याकडे पाठ करून, काचेच्या कपाटाशी उभं राहून बशीत चहा ओतत. ओतता ओतताच म्हणत, "अतुल, करंगळी चौथ्या फ्रेटवर पायजे. तिसऱ्यावर काय करतीय?" अतुल चपापून बघायचा, तर करंगळी खरोखरच एक घर मागं सरकलेली असायची.

दर वर्षी जानेवारीत क्लासचा कार्यक्रम होई आणि त्यात याच विद्येचा खेळ असे. मंचाच्या मागच्या अंगाला सरांच्या गुरुजींची भलीमोठी तसबीर उभी करत, तिला हार घालत. सर तिच्यापुढं हात जोडून, लोकांकडे पाठ करून उभे राहत. त्यांचा मुलगा यशराज पुढं उजेडात, अर्धवट सरांकडे वळवलेल्या खुर्चीवर बसून गिटारवर एकापाठोपाठ दोन सूर वाजवी. पहिला सूर सा धरायचा. दुसरा त्याच्यापासून किती लांब, ते सर न बघता सांगत. "पंचम." "कोमल निषाद." कधी चुकत नसत. मग खेळाचा दुसरा भाग. आता सर स्वतः गिटार घेत आणि क्लासातल्या एकाला मंचाच्या बाजूच्या पडद्याकडे तोंड करून उभं करत. तो चुके, लोक हसत आणि सरांचं मोठेपण आणखी वीतभर वाढे.

२००३ सालच्या जानेवारीत पडद्याकडे तोंड करून दीक्षा उभी होती. गडमुडशिंगीची मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय फिजिक्स. सुरांमधली अंतरं तिला गणितानं पाठ होती. तारेची लांबी दोन-तृतीयांश केली की पंचम, तीन-चतुर्थांश ठेवली की मध्यम. कागदावर ती कधीच चुकली नसती. पण पडद्यावर कागद नव्हता, आणि कानात शिरलेले दोन सूर तिला आपला आकडा सांगेनात. सगळी उत्तरं चुकली. सभागृह हसलं, तेही तिनं सोसलं असतं.

तिचे वडील अण्णासो, घरातले आप्पा, कागलच्या एमआयडीसीत लेथवर काम करत. त्या दिवशी पाळी संपवून, इस्त्रीचा शर्ट घालून ते थेट कार्यक्रमाला आले होते. लेकीला खाली घ्यायला ते उठले तेव्हा हंबीररावांच्या हातात माइक तसाच होता.

"अण्णासो, मनाला लावून घेऊ नगा. तुमच्यात हलगी, ढोलकं उपजतच येतंय की, त्याला कोण न्हाय म्हणतंय? पर ही गिटार हाय. हिला कान लागतोय."

लोक दुसऱ्यांदा हसले. अण्णासोही हसले. हात जोडून म्हणाले, "व्हय सर, तेबी खरंच."

गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी दोन तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्याच्या आधी वाजवलंस ते लई ग्वाड झालं बघ." दीक्षा खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढून आप्पांचं ते हसू हलत नव्हतं. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, त्यानंतर त्यांच्या घरात असं हसायचं कुणी शिकवलं नव्हतं. ते हसू ज्यानं काढायला लावलं, त्याला त्याच मंचावर, तेवढ्याच लोकांत उघडं पाडायचं, हे तिनं बस उजळाईवाडीला पोचायच्या आत ठरवून टाकलं.

पुढच्या सोमवारी ती क्लासला हजर. पोरांना वाटलं, हिला लाज नाही. सरांना वाटलं, हिला जागा कळली. तिनं दोघांनाही तसंच वाटू दिलं.

घरी मात्र तिनं कानाची मशागत सुरू केली, आणि तीही प्रयोगशाळेत करावी तशी. सापशिडीचा फासा घेतला, त्याच्या सहा बाजूंना सहा अंतरं वाटून दिली. फासा टाकायचा, जे पडेल ते दोन सूर गिटारवर वाजवायचे, कॅसेटवर भरायचे, थोडी जागा मोकळी सोडून उत्तर बोलायचं. अशी कॅसेट भरली की आठवडाभर तिला हात लावायचा नाही, म्हणजे क्रम विसरतो. मग ऐकायची आणि स्वतःची परीक्षा घ्यायची. पहिल्या खेपेला, डोळे झाकून बोट ठेवल्यावर जितकी उत्तरं बरोबर यावीत तितकीच आली. म्हणजे तिला काहीही ऐकू येत नव्हतं. हंबीरराव तेवढ्यापुरते खरं बोलले होते, आणि याचा तिला जास्तच राग आला.

रागाचा उपयोग झाला. चुका कुठं होतात हे ती बघत गेली, तेव्हा लक्षात आलं की ती मध्यमाला पंचम आणि पंचमाला मध्यम म्हणते. त्यालाही कारण होतं. मध्यमाच्या जोडीतला खालचा सूर उचलून वरच्या सप्तकात ठेवला की पंचमाची जोडी होते. दोघं एकमेकांचे उलटे. कारण कळल्यावर ती दोघांना वेगळं ठेवायला शिकली. पंचम ऐकला की काम संपल्यासारखं वाटे, घासलेलं पातेलं पालथं घालावं तसं. मध्यमात पाऊल उचललेलं असे आणि अजून टेकलेलं नसे.

कोमल गंधार तिला सगळ्यात आधी पक्का झाला, आणि तो सरांनीच शिकवला. माडीवरून ते खाली हाक मारत, "दीऽक्षा, चहा सांग गं." त्या हाकेत 'दी' वर आणि 'क्षा' खाली, आणि मधलं अंतर बरोबर कोमल गंधाराचं. एके दिवशी तिनं घरी येऊन ते गिटारवर ताडून बघितलं. त्यानंतर त्या अंतरात ती पुन्हा कधी चुकली नाही. ते ऐकलं की तिचे दात आवळले जात.

दसऱ्याच्या सुमारास क्लासातल्या कपाटाची काच फुटली. नवी काच बसेपर्यंत सर उघड्या खणांसमोर उभे राहून चहा ओतत होते, आणि तेवढे दिवस त्यांच्या पाठीचे कान गेले. अतुलची करंगळी घसरत होती, दोघी नव्या मुली तर भलतीच तार छेडत होत्या. सर "चालू द्या, चालू द्या" म्हणत होते. बाकीच्यांना वाटलं, सरांचं मन कशात तरी अडकलंय. दीक्षाला आरशाचा धडा आठवला. काचेमागं अंधार आणि काचेपुढं उजेड असला की काच आरसा होते.

नुसतं वाटून काही सिद्ध होत नाही. नवी काच बसल्यावर तिनं आपल्या गिटारची एक तार पिळून अख्खा एक सूर खाली उतरवली आणि सरांनी एकटीला वाजवायला सांगितलं तेव्हा बोटं अगदी बिनचूक जागी ठेवली. जे वाजलं ते ऐकून अतुलचं तोंड वाकडं झालं.

"शाबास दीक्षा," कपाटाकडे तोंड करून सर म्हणाले. "आता जमाय लागलं तुला."

अतुल कुजबुजला, "दीक्षे, तुझी तार उतरलीय न्हवं का?"

"व्हय. गप बस."

म्हणजे या माणसाला कान नव्हतेच. होते ते डोळे. लोकांना पडद्याकडे तोंड करून उभं करणारा स्वतः कधी पडद्यासमोर उभा राहिला नव्हता.

पुढच्या जानेवारीत तिनं अण्णासोंना म्हटलं, "आप्पा, कार्यक्रमाला यायचंय."

"परत कशाला गं?" ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "बरं, येतो."

सभागृह भरलेलं होतं. गुरुजींची तसबीर, हार, उदबत्ती, सगळं जागच्या जागी. पेटीवर केरबा बसले होते. भजनी मंडळात साथ करून पिकलेला माणूस, विचारल्याशिवाय न बोलणारा. खेळाची वेळ झाली तेव्हा सरांनी माइकवर दर वर्षीचं वाक्य टाकलं, "यशराज हायच, पर कुणाला शंका असंल तर त्यानं वर यावं आन् आपल्या हातानं वाजवावं."

दर वर्षी कुणी उठत नसे. दीक्षा उठली. "मी वाजवतो की सर."

"या की," सर हसले. "गेल्या साली कान घरात राहिलता. औंदा आणलाय का?"

"बघू की सर, कुणाकुणाचा आलाय ते."

लोकांना गंमत वाटली. सर तसबिरीकडे वळून हात जोडून उभे राहिले. दीक्षा त्याच खुर्चीवर बसली, गिटार उजेडात धरली. पाचवी तार तिनं आधीच सूरभर उतरवून ठेवली होती. पण पहिली जोडी तिनं मुद्दाम एकाच जाड तारेवर घेतली, मोकळी तार आणि मग चौथा फ्रेट.

"शुद्ध गंधार," सर म्हणाले. बरोबर होतं. टाळ्या पडल्या. तिनं त्या पडू दिल्या. जितकं उंच चढेल तितकं बरं.

मग तिनं जाड तार मोकळी छेडली आणि तिच्या शेजारची पाचवी तारही मोकळीच. दिसायला तो मध्यम होता. वाजला कोमल गंधार.

"मध्यम," सर म्हणाले.

पेटीवरच्या केरबांची मान वर झाली. दीक्षानं तिसरी जोडी घेतली. पुन्हा जाड तार, आणि पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट.

"पंचम. सोपं घेतीयस गं, घाबरलीस का?"

"केरबा अण्णा," दीक्षा म्हणाली, "सर म्हणत्यात पंचम. पेटीवर दाखवता का जरा?"

केरबांनी पांढरी तीन दाबून सा धरला, मग पंचम वाजवला. दीक्षानं आपले दोन सूर वाजवले. ते जुळले नाहीत, हे मागच्या रांगेतल्या बायकांनाही कळलं. केरबांनी बोट एक पांढरी खाली सरकवलं. ते जुळलं.

"मध्यम हाय हा," ते म्हणाले. "आन् मघाचा कोमल गंधार हुता."

सभागृहात कुजबुज झाली. यशराज पुढच्या रांगेतून ताडकन उठला. "पप्पा, तिनं तार उतरवलीय. फसवतीय ती."

"व्हय, उतरवलीय," दीक्षा म्हणाली. "सरांनी सूर सांगायचा हाय, फ्रेट न्हवं. तार कुठं का असंना."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय की ओ, पाठ करून हुबं ऱ्हायल्याला माणूस फ्रेट कशावरनं वळीखतोय?" आणि एकेकाची नजर तसबिरीच्या काचेवर गेली. काचेत खुर्ची होती, गिटार होती, दीक्षाची बोटं होती.

"गुरुजींच्या तसबिरीकडं कुणी बोट दाखवायचं न्हाय," हंबीरराव कडाडले, पण आवाज माइकपासून लांब पडला.

"तसबिरीला कोण काय म्हणतंय," केरबा हळूच म्हणाले. "तुमी डोळं तेवढं मिटा."

हंबीररावांनी गर्दीत अण्णासोंना शोधलं. "अण्णासो, पोरीला आवरा. ही काय पद्धत झाली?"

अण्णासो जागेवर उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी शर्टाची पुढची घडी हातानं सारखी केली. "आज रजा टाकून आलोय सर," ते म्हणाले. "वाजवू दे की तिला."

आता डोळे मिटण्यावाचून सरांना वाट नव्हती. त्यांनी ते मिटले. काचेत दीक्षाला त्यांचा चेहरा दिसत होता. पुढं कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून तिनं पाचवी तार पिळून जागेवर आणली, कानानंच, पेटीकडे न बघता. मग साधा, स्वच्छ पंचम वाजवला.

हंबीरराव थांबले. "मध्यम," म्हणाले.

कुणी हसलं नाही. केरबांनी पेटीचा भाता मिटला आणि दीक्षाकडे पाहिलं. आता पुरे कर, असं त्या पाहण्यात होतं. तिला ते कळलं. अशा वेळी दया यायला हवी, हेही तिला ठाऊक होतं. तिनं मनात चाचपून पाहिलं, ती आलेली नव्हती.

"उत्तर चुकलंय सर," ती म्हणाली. "परत ऐका."

तिनं तेच दोन सूर पुन्हा वाजवले, जरा सावकाश, आणि वाट बघत राहिली. काचेतले सरांचे ओठ हलले. शब्द आला नाही. तिनं पुन्हा वाजवले.