गोपालच्या फोटोला हार

"अवो, काढा तो हार! पोरगं जित्तं हाय माह्यं!"

देवकाबाई ओरडल्या, पण टाळ्यांच्या गदारोळात त्यांचं ऐकतो कोण? वर्ध्याच्या संग्रहालयात शहरातल्या हिपहॉपचं दालन उघडत होतं. उद्घाटन म्हटलं की आधी प्रतिमापूजन आलंच. आता हिपहॉपात पुजायचं कोणाला? संयोजक सुरभी मॅडमनी भिंतीवरचा सगळ्यात मोठा फोटो उतरवून टेबलावर ठेवला. पाहुण्यांनी त्याला कुंकू लावलं, हार घातला, उदबत्ती ओवाळली, आणि अख्खी सभा हात जोडून उभी राहिली.

फोटो गोपालचा होता. आणि गोपाल आईशेजारी उभा होता, त्याचेही हात जोडलेले! सवयीनं जोडले गेले, आणि मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

एकेकाळी बोरगाव मेघेच्या चौकात त्याच्या रॅपला तोबा गर्दी व्हायची. पुढे लग्न, पोरं, पाण्याचे फिल्टर दुरुस्त करत दारोदार फिरणं. गाणं मागे पडलं ते पडलंच. पण मॅडमनी या उद्घाटनाच्या शेवटी गायचं आमंत्रण दिलं, तेव्हा गड्यानं जीव ओतून नवीन रॅप लिहिलं. आईला पवनारहून मुद्दाम आणलं. तिनं त्याला कधी गाताना ऐकलंच नव्हतं.

तो तरातरा पुढे गेला. हार ओढून काढला, काचेवरचं कुंकू बाहीनं पुसलं.

"मॅडम, मी मेलो नाई अजून."

"अहो, मनावर काय घेता? कार्यक्रमाला शोभा येते."

"अन् माह्यं गानं?"

"पाहुण्यांना समुद्रपूर गाठायचंय हो. तुमचं जुनं गाणं वाजतंय ना दालनातल्या हेडफोनवर!"

थू असल्या सन्मानावर! ज्याच्या तोंडाला कुंकू फासलं, त्याचंच तोंड बंद. मग पाहुणे युवाशक्तीवर मनसोक्त बोलले. लोकांनी समोसे हाणले, त्याच तेलकट हातांनी फोटो उचलून सेल्फी काढले. शेजारी उभ्या गोपालला एकानंही विचारलं नाही.

दालन रिकामं झालं. माइकवाला वायर गुंडाळू लागला.

"चाल माय. किळस आली मले याची."

मंडपवाला तानबा खुर्च्या गोळा करत आला. "उठा माय, खुर्च्या न्याच्या हायेत."

"नाई उठत," देवकाबाई म्हणाल्या. "माह्या पोराचं व्हाचं हाय अजून." मग गोपालकडे वळल्या. "काऊन उभा राह्यला बे? म्हन ना. मी हावो ना आयकाले."

तानबानं हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या. गोपालनं घसा खाकरला.