मैदानातला ठिपका

"हे बघा ताई, मधल्या सुट्टीत तुमची मुलगी रोज इथे असते." बाईंनी पडद्यावरच्या ठिपक्यावर छडी टेकवली. "बाथरूममध्ये. सुट्टी संपेपर्यंत."

पालकसभेत खसखस पिकली; आईबापांबरोबर आलेली पोरंही हसली. यंदा शाळेने प्रत्येक मुलाच्या मनगटावर पट्टा बांधला होता. कोण कुठे आहे ते वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दिवसभर दिसे. बाईंना त्याचं भारी कौतुक. आता पोरांच्या मागे धावायला नको, बसल्या जागी सगळं कळतं, असं त्या येताजाता सांगत.

"काय करतेस गं तिथे?" आईने लेकीला विचारलं.

मुलीने मान खाली घातली. "डबा खाते."

"बाथरूममध्ये?"

"माझ्याशेजारी कुणी बसत नाही."

आता कुणी हसलं नाही. आईने लेकीचा हात धरला. "बाई, तुम्हाला रोज दिसत होतं ना? मग एकदा जाऊन बघायचं तरी."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज दिसत होतं, आणि त्या चहा पीत बघत होत्या. वर त्याचा तमाशा त्यांनी भरसभेत मांडला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ठिपका मैदानात दिसला. बाईंचा जीव भांड्यात पडला. तरी या खेपेला त्या उठून गेल्या. मैदानात मुलगी नव्हतीच. गोलच्या जाळीला नुसता तिचा पट्टा बांधलेला होता.

तो सोडवून घेऊन त्या तडक बाथरूमकडे गेल्या. टोकाचं दार बंद होतं. आत डब्याचं झाकण वाजलं.

"बाळ, मी आहे. पट्टा सापडला मला. बाहेर ये, आपण दोघी बरोबर खाऊ."

 आतून हळूच आवाज आला, "बाई, पट्टा इथे आणलात?"

"हो गं."

"मग वर्गात सगळ्यांना दिसत असेल."

बाईंनी मुठीतल्या पट्ट्याकडे पाहिलं. वर्गात डबे उघडून बसलेली पोरं, समोर तो पडदा. काल छडी लावून त्यांनीच तो वाचायला शिकवला होता.

"नाही दिसणार आता. तू सावकाश खा," एवढंच म्हणून त्या वळल्या.

घंटा होईपर्यंत बाई पट्टा मुठीत धरून, भर उन्हात, खेळणाऱ्या पोरांमधून मैदानाला फेऱ्या मारत राहिल्या.