पास्टरच्या डाव्या हाताला

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी चाळीसेक माणसांची मंडळी उपासनेला जमायची. पास्टर हा ताईचा धाकटा भाऊ. निम्मी मंडळी म्हणजे बाहेरदेशाहून शिकायला आलेली पोरं, म्हणून तो एक वाक्य बोलायचा आणि ताई त्याच्या डाव्या हाताला उभी राहून ते इंग्रजीत सांगायची. अशी नऊ वर्षं झाली. आठवडाभर परीक्षा विभागात गुणपत्रिकांवर शिक्के मारायचे, आणि रविवारी हा एक तास.

मग भाषाशास्त्रात संशोधन करणारी एक मुलगी यायला लागली. एकदा ताईचा घसा बसला, म्हणून तिला उभं केलं. पास्टरचं वाक्य संपतं न संपतं तोच तिचं इंग्रजी तयार. त्याला थांबावंच लागेना.

उपासनेनंतर भाऊ म्हणाला, "ताई, तू आता बसत जा. किती वर्षं उभी आहेस."

"मी कधी तक्रार केली?"

"तसं नाही गं. ती झरझर सांगते, मला बरं पडतं."

ताई खुर्च्या आवरायला लागली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

त्यानंतर ती तिसऱ्या रांगेत बसून पोरीच्या चुका हेरायची. दोन महिन्यांत एक सापडली, तीही क्षुल्लक. तेवढ्यावर तिचा अख्खा दिवस मजेत गेला. रात्री देवाची क्षमा मागितली, पण मजा काही ओसरली नाही. पोरगी मात्र दर रविवारी तिच्या घशाची चौकशी करायची, आणि ते तर फारच झोंबायचं.

हळूहळू बाहेरदेशच्या पोरांच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. त्यांच्यातलाच फार्मसीचा एक उंच विद्यार्थी, सगळे त्याला लंबू म्हणायचे, एकदा परीक्षा विभागात तिच्या खिडकीशी आला.

"हल्ली दिसत नाहीस?" तिने इंग्रजीत विचारलं.

"पास्टर बदलले, ताई. पूर्वी किती मायेनं बोलायचे. परवा म्हणाले, उशिरा येणाऱ्यांना देवाची किंमत नाही. मी सकाळची पाळी करून येतो, त्यांना माहीत आहे."

भाऊ बदललाच नव्हता. हे वाक्य तो नऊ वर्षं बोलत होता, आणि ताई इंग्रजीत सांगायची, 'उशीर झाला तरी या, जागा ठेवली आहे.' घरात वडिलांशी तो तोडून बोलायचा तेव्हाही वडिलांची समजूत तीच काढायची.

तिला आधी आनंदच झाला. संध्याकाळी ती थेट भावाकडे गेली. ती पोरगीही तिथेच रविवारची टिपणं घेत बसली होती.

"हिच्यामुळे माणसं तुटतायत," ताई म्हणाली.

पोरगी गोंधळली. "मी ऐकते तेच सांगते, ताई. कुठे चुकलं, सांगा ना."

ताईला एकही चूक सांगता येईना. शेवटी खरं ते सांगावं लागलं.

भावाने समोरचं बायबल मिटलं. मग म्हणाला, "म्हणजे नऊ वर्षं लोक माझं ऐकायला येतच नव्हते." त्याच्या तोंडावर जे होतं ते ताईने ओळखलं. तिच्याही तोंडावर दोन महिने तेच होतं.

"येत्या रविवारपासून मी उभी राहू?" तिने विचारलं.

"नको. सांगायचं हिनेच. बोलणं मला सुधारायला हवं."

पुढच्या रविवारी तो अडखळत बोलला. दोनदा वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरलं. कोणी उशिरा आलं तेव्हा थांबला, म्हणाला, "या, बसा. जागा आहे." पोरीने ते जसंच्या तसं सांगितलं. महिन्याभरात खुर्च्या पुन्हा भरल्या, लंबूही परत आला.

उपासना संपली की पोरगी ताईकडे येऊन विचारायची, "बरोबर सांगितलं ना?"

"बरोबर होतं," ताई म्हणायची. ते खरंच बरोबर असायचं, आणि तेच झोंबायचं म्हणून ती वळून खुर्च्या आवरायला लागायची.