जमा हात

परिचारिकेची नोंदणी स्थगित झाली की तिचे हात मनगटाच्या चार बोटं वरून सुटतात आणि निकाल लागेपर्यंत आमच्या परिचर्या परिषदेत जमा राहतात. रक्त येत नाही, दुखतही नाही. ती चूक कबूल करते, ते वाक्य संपताच हात टेबलावर पडतात आणि मी पावती लिहून देतो. मी मोकाशी, नोंदणी विभागातला वरिष्ठ लिपिक. जमा हातांचं कपाट माझ्या ताब्यात असतं. लिपिकांचे हात सुटत नाहीत, असा आमच्या कार्यालयात पक्का समज होता.

लोकांना हा नियम निर्दय वाटतो. त्यांनी एकदा शेषरावांना भेटावं. शेषराव तालुक्याच्या दवाखान्यात आठ नंबरच्या खाटेवर होते, फिटच्या आजारासाठी. सिस्टर प्रमिला तायडे यांनी त्यांची गोळी वाटीत काढली, औषधांच्या तक्त्यावर 'दिली' म्हणून सही केली आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई ओकू लागली म्हणून त्या तिकडे धावल्या. गोळी वाटीतच राहिली. पुढच्या पाळीच्या सिस्टरनं सही पाहिली आणि तक्ता मिटला. सकाळी शेषरावांना फिट आली, ते खाटेवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. आता ते काठी घेऊन चालतात.

वाटी कोणी पाहिली नव्हती. गोळी फेकून दिली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. सिस्टर तायडे ती वाटी रुमालात बांधून, एसटीनं सहा तास प्रवास करून आमच्याकडे आल्या. टेबलावर वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "सही आधी केली, साहेब. गोळी राहून गेली."

वाटीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे हात पडले. मी पावती लिहिली, सहा महिन्यांची. पावती घ्यायला त्यांना हात नव्हते, म्हणून ती मी त्यांच्या पर्समध्ये सरकवली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला त्या वेळी पहिल्यांदा लाज वाटली.

हात मी कपाटाच्या तिसऱ्या खणात ठेवले. सावळे, रुंद हात, बोटांची कातडी स्पिरिटनं कोरडी पडलेली. दुसऱ्या दिवशी खण उघडला तर आतल्या फडक्याची चारी टोकं खाटेवरच्या चादरीसारखी दुमडून खोचलेली होती. हातांना रिकामं बसायची सवय नसते. त्यांच्यासाठी नियम एकच आहे: नोंदणी स्थगित असताना माणसाला हात लावायचा नाही. लावला तर नाव कायमचं कमी होतं आणि हात खणातच राहतात. त्यासाठी मी रोज एक दाखला भरतो: 'आज जमा हातांनी कोणासही स्पर्श केला नाही.' खाली माझी सही.

हे दाखले मी महिन्याच्या एक तारखेला, तीसच्या तीस, एका बैठकीत सह्या करून ठेवत असे. आमच्याकडे सगळेच तसं करतात. रोज कोण उठून सही करणार?

दर शनिवारी सिस्टर तायडे हात बघायला यायच्या. दहा मिनिटांची परवानगी असते. सोबत त्यांची भाची असायची, तीच त्यांना भरवते, वेणी घालते. सिस्टर खणात डोकवायच्या आणि मला कामं सांगायच्या. नखं वाढली आहेत, खोबरेल लावा, डाव्या अंगठ्याला चीर पडली आहे तिकडे लक्ष ठेवा. मी कुरकुर करायचो, की हे लिपिकाचं काम नाही. मग सोमवारी तेलाची बाटली घेऊन बसायचो.

तेल लावताना एका सोमवारी उजव्या हातानं माझं मनगट धरलं. तीन बोटं अंगठ्याच्या रेषेत खाली सरकली आणि नाडीवर थांबली. मी हात काढून घ्यायला हवा होता. पण आमची मंडळी जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत माझ्या मनगटाला कोणी धरलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मी पूर्ण एक मिनिट बसून राहिलो. मिनिट संपल्यावर हातानं माझं पेन घेतलं, मागणीपत्राच्या कोऱ्या बाजूला वेळ लिहिली, पुढे '६४, अनियमित' असा आकडा टाकला आणि शेवटी सही केली: प्र. ता.

त्यानंतर रोज सकाळी सव्वादहाला मी मनगट खणात ठेवत असे. दाखल्यांवर माझ्या सह्या आधीच झालेल्या होत्या.

पाचव्या महिन्यातल्या एका शनिवारी सिस्टर तायडेंनी हातांकडे पाहिलंच नाही. भाचीला बाहेर बसवलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमची नाडी मधीमधी चुकते. डॉक्टरले दाखवा."

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांच्या छातीवर पिनेनं लावलेलं घड्याळ होतं, त्याकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली. हात इथे धरतात, मोजणी तिकडे घरी होते, एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी सव्वादहाला त्या सगळं सोडून घड्याळाकडे बघत बसत होत्या.

"हे तुम्ही बोलायला नको होतं," मी म्हणालो. "तुमचं नाव जाईल."

"जाईन तं जाईन. पन मले माहीत असून मी गप कशी बसू?"

मी डॉक्टरकडे गेलो नाही. डॉक्टरनं विचारलं असतं, हे कोणी शोधून काढलं. मागणीपत्रावरचे आकडे उतरत चालले होते. अठ्ठावन्न, बावन्न, एकोणपन्नास. ते कागद मी खिशात घेऊन फिरत होतो, फाडायला धीर होत नव्हता.

सुनावणी सप्टेंबरात लागली. सुनावणीची खोली दर प्रश्नाला एका फरशीनं लहान होते, म्हणून आमच्याकडे प्रश्न मोजके विचारतात. अध्यक्ष रेगे मॅडम, निवृत्त मेट्रन, समोर निकालाचा शिक्का घेऊन बसल्या होत्या. टेबलावर मधोमध तायडेंचे हात, त्यांच्या शेजारी माझे दाखले. तायडे काठापासून दूर बसल्या होत्या, बाह्या पिनांनी बंद केलेल्या, शेजारी भाची.

मॅडमनी शेषरावांबद्दल विचारलं. भिंत एक फरशी पुढे आली. तायडेंनी सांगितलं, मी दर महिन्याला त्यांना भेटते, त्यांची काठी आता नीट टेकते. मॅडमनी विचारलं, पुन्हा असं झालं तर? भिंत आणखी पुढे आली. तायडे म्हणाल्या, आता आधी गोळी, मग पेन. माझे गुडघे टेबलाला लागले.

मग मॅडमनी दाखल्यांचा गठ्ठा उचलला. "सहा महिन्यांत या हातांनी कोणाला स्पर्श केला का?"

दाखल्यांनी 'नाही' म्हटलेलंच होतं. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी तायडेंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या श्वास घेत होत्या आणि खरंच बोलणार होत्या, कारण त्यांना दुसरं काही येत नाही. त्या बाईवर माझा जीव जडला होता, हे मला त्या श्वासाएवढ्या वेळात कळलं.

मी त्यांच्या आधी बोललो. "मनगट मीच पुढे केलं, मॅडम. दाखल्यांवर सही आधी केली होती."

वाक्य संपलं आणि माझे हात टेबलावर पडले. दुखलं नाही. माझ्या घड्याळाचा पट्टा उजेडात चमकला आणि मी इतकंच म्हणालो, की पावतीपुस्तक डाव्या खणात आहे.

मग हनुवटीनं खिशाकडे खूण केली. मॅडमनी त्यातले नोंदींचे कागद काढले आणि एकेक वाचले. प्रत्येकावर आधी वेळ, मग आकडा, मग सही. त्यांनी शिक्का शाईत बुडवला. विचारलं, "या नोंदी मोजून केल्या, की अंदाजानं?"

भिंत माझ्या पाठीला टेकली. चौघंजण टेबलाभोवती एवढे जवळ आलो, की भाचीच्या केसांचा तेलाचा वास मला येत होता. तायडेंचे हात बोटांवर चालत टेबल ओलांडून आले. डाव्यानं माझा पडलेला उजवा हात उताणा केला, तळव्याखाली दाखल्यांचा गठ्ठा सरकवला, म्हणजे मनगट अवघडू नये. उजव्यानं तीन बोटं ठेवली.

त्यांची नजर छातीवरच्या घड्याळावर होती. ओठ हलत होते. मॅडमचा शिक्का कागदावर वीतभर उंच थांबला होता, शाईचा एक थेंब त्याच्या कडेला जमत होता. वीस, म्हणत होते ओठ. तीस. सदतीस. अडतीस.

एकोणचाळीसवर ओठ थांबले. सेकंदकाटा पुढे जात राहिला. बोटं मनगटावरच होती, जरा घट्ट झालेली, पुढच्या ठोक्याची वाट पाहत.